हिरव्या गोंड्याची कमान

"दोरी अशी पाहिजे, की ताणलेली दिसंल... पण ताण बसायला नको."

असलं गिऱ्हाईक महादेवीनं आजवर पाहिलं नव्हतं. बोटांत अडकलेला गोंडा तसाच राहिला आणि तिनं मान वर केली. दुकानाच्या पायरीवर एक उंच, सावळा तरुण उभा होता. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. कपाळावर भस्माची आडवी बोटं, आणि डाव्या भुवईवर कापसाचा एक पुंजका येऊन बसलेला. त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

पुंजक्याचं काही नवल नव्हतं म्हणा. मार्गशीर्षात सेलूत सगळ्यांच्याच अंगावर कापूस असायचा. ते सेलू आता कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. मोंढ्याच्या बाजारापासून थेट रेल्वे फाटकापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग, जिनिंगचा दिवसभर चाललेला घुरघुराट, आणि हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात तरंगणारे पांढरे तंतू... बायांच्या वेणीत, चहाच्या बशीत, देवळातल्या नंदीच्या शिंगांवर, जिकडं बघावं तिकडं कापूस. निजामाचं राज्य होतं. महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. आणि बाजारगल्लीत मन्मथअप्पांचं दोऱ्या-गोंड्यांचं दुकान जोरात चालत होतं.

बैलांच्या शिंगांचे गोंडे, त्यांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, करदोडे, पाळण्याच्या दोऱ्या, आणि लिंगायत घरांत गळ्यातल्या लिंगाला लागणारा शिवदोरा. अप्पा गादीवर बसून विकायचे. वळायचं, पिळायचं, गुंफायचं ते काम आत पडद्यामागं त्यांच्या लेकीचं. आज अप्पा मागच्या घरात जेवायला गेले होते, म्हणून महादेवी बाहेर येऊन बसली होती. तेवढ्यात हा उभा राहिला.

"ताण न्हाई, तर ताणलेली दिसंल कशी?" ती म्हणाली. "एक तर ताण असतो, न्हाई तर नसतो."

"नाटकातला राजा खरा असतो का? पण दिसतो की."

"आन् नाटक संपल्यावर बिडी मागत हिंडतो."

तो मोकळेपणानं हसला. मग त्यानं ओट्यावर घोंगडी ठेवली आणि हळूच उलगडली. आत शिसवीचा एक गुळगुळीत दांडा होता, बंदुकीच्या दस्त्यासारखा. त्याच्या टोकाला आडवी बसवलेली कमान. दांड्यावर वेलबुट्टी कोरलेली, कमानीच्या दोन्ही टोकांना मोराच्या चोची. महादेवी बघतच राहिली.

"ही बंदूक हाय का धनुष्य?"

"धनुष्यच. पण आडवं पडल्यालं. लय जुन्या काळी किल्ल्यावरचे शिपाई वापरायचे. दोरी मागं ओढून ह्या खाचेत अडकवायची, वर आखूड बाण ठिवायचा, नेम धरायचा आन् खालचा हा खटका दाबायचा. हैदराबादचे आमचे उस्ताद तिला तख्शकमान म्हणतात. आपण आडवी कमान म्हणू."

"मग दाबून दावा की."

"दाबत न्हाई तो. ही नक्कल हाय. किशनरावांच्या नव्या बंगल्यात, दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायच्यात ह्या. जोडी-जोडीनं."

"म्हणजे नुसती मिरवणारी."

"नुसती मिरवणारी."

"मारत न्हाई ती कमान कसली मग!"

ती सहज बोलून गेली. पण घोंगडी गुंडाळता गुंडाळता त्याचे हात थांबले. त्यानं तिच्याकडं असं बघितलं, की जणू कुणीतरी त्याच्या मनातलं जुनंच दुखणं नेमकं बोटानं दाबलं होतं. क्षणभर... मग तो पुन्हा हसला.

"दोरी कधी मिळंल?"

"बाजारादिवशी या. लाल रेशमाची करते, वरून कलाबतूची सोनेरी तार गुंडाळून." आणि तो पायरी उतरला तसं ती म्हणाली, "अवो कारागीर... भुवईवर कापूस हाय तुमच्या."

त्यानं उजवी भुवई पुसली.

"दुसरी."

त्यानं डावी पुसली. पुंजका बोटाला चिकटला, तिथून मिशीला. महादेवीनं तोंडाला पदर लावला आणि आत पळाली.

त्याचं नाव मल्लिकार्जुन. घर राणीसावरगावचं, लिंगायत शेतकऱ्याचं. थोडकी कोरडवाहू जमीन थोरल्या भावाच्या हाती होती, म्हणून हा मिसरूड फुटायच्या आधीच हैदराबादला गेला. तिथं एका बुजुर्ग उस्तादाच्या कारखान्यात तो लागला. नवाबांच्या देवड्यांत, म्हणजे वाड्यांत, भिंतीवर लावायची शोभेची हत्यारं तिथं तयार व्हायची. किशनराव म्हणजे सेलूचे बडे कापूस व्यापारी. त्यांनी एका देवडीत अशा कमानी बघितल्या आणि हट्टच धरला, आपल्या बंगल्याला ह्याच पाहिजेत. म्हणून मल्लिकार्जुन सेलूत आला. फाटकापलीकडं किशनरावांचं कापसाचं गोदाम होतं, त्याच्या पडवीत त्यानं आपली पटाशी-रंधा मांडला.

मन्मथअप्पांना गिऱ्हाईक आवडलं, पण धंदा आवडला नाही. "पोळ्याच्या मातीच्या बैलानं नांगर वढलाय का कधी?" ते जेवताना म्हणाले. "पोरगं गुणाचं हाय. पण काम बघा! असल्या खेळण्यांवर कुणाचा संसार झालाय?"

महादेवीनं भाकरीचा तुकडा मोडला.

बाजाराचा दिवस आला, तसा मल्लिकार्जुनही आला. मग पुढच्या बाजाराची वाट बघायचं त्यानं सोडून दिलं. कधी लाल रेशीम कमी पडायचं, कधी कलाबतू. एकदा तर तो नुसता एक गोंडा घेऊन आला.

"हा जरा डावीकडं झुकायलाय."

महादेवीनं पडद्याआडून हात बाहेर काढला, गोंडा घेतला, दोन बोटांत धरून लोंबकळता सोडला. "गोंडा सरळ हाय. बघणाऱ्याची मान वाकडी हाय."

अप्पा गादीवरून खदखदून हसले. मल्लिकार्जुनही हसला, आणि आपली वाकडी मान घेऊन निघून गेला. पण गोंडा तिथंच विसरला. दुसऱ्या दिवशी तो न्यायला परत यावंच लागलं!

पौषात किशनरावांच्या पत्नीनं, कस्तुराबाईंनी, बोलावणं धाडलं. गोंड्यांचे रंग भिंतीच्या रंगाला शोभतात का, हे पोरीनं स्वतः येऊन बघावं. महादेवी तिच्या मायसंगं, शिवम्मासंगं गेली. आधी बंगला बघून झाला, मग कस्तुराबाई त्यांना गोदामाच्या पडवीत घेऊन गेल्या. शिसवीच्या भुशाचा कडवट-गोड वास होता, लाखेचा वास होता. भिंतीला ओळीनं कमानी टेकवून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकीवर तिनंच केलेली लाल दोरी झळकत होती. आपल्या हातचं काम असं दुसऱ्याच्या कामावर बसलेलं बघून तिला कसंतरीच झालं. कुणी आपला हात धरल्यासारखं.

शिवम्मा आणि कस्तुराबाई पलीकडं तुरीच्या भावाचं बोलत उभ्या राहिल्या. मल्लिकार्जुननं एक कमान तिच्या हातात दिली.

"दांडा खांद्याला टेकवा. असा. आता नेम धरा."

"कशाचा?"

"त्या निंबाच्या फांदीचा. एक डोळा मिटा."

"कोणता?"

"ज्यानं माझ्याकडं बघायलाव... तो."

"मग दोन्ही मिटावे लागतील."

शब्द तोंडातून गेले आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. तिनं कमान त्याच्या हातात जवळजवळ टाकलीच आणि मायकडं वळली. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. पण पाठीला कळत होतं... तो तिथंच उभा आहे, कमान हातात धरून, अगदी बावळटासारखा.

त्याच आठवड्यात मानवतहून पाव्हणे येऊन गेले. घर भुसार व्यापाऱ्यांचं, खात्यापित्याचं. मुलगा दुकानात बसणारा, निर्व्यसनी. अप्पांना स्थळ पसंत पडलं. शिवम्माला पडलं. महादेवीला कुणी विचारलं नाही, तशी रीतही नव्हती. माघात सुपारी फोडायचं ठरलं.

ही बातमी बाजारगल्लीत पोचायला वेळ लागला नाही. मल्लिकार्जुन आला तेव्हा अप्पा गिऱ्हाइकाला म्होरक्या दाखवण्यात गुंतले होते. तो पडद्याजवळ येऊन उभा राहिला. आज हसू नव्हतं.

"मानवतचं ऐकलं."

"ऐकलं तर ऐकलं." आतून आवाज आला. कोरडाच.

"एक दोरी पाहिजे होती. ह्या टायमाला खरी. ताण घेणारी."

पडदा बोटभर सरकला. "कशाला?"

"पयल्या दिवशी तुमी म्हणाला होता... मारत न्हाई ती कमान कसली. तवापासून रात म्हणू नका, दिस म्हणू नका, तेच डोक्यात हाय. इतकी वर्सं नकला करायलोय. एक तरी खरी करावी म्हणतो."

त्या दोरीसाठी महादेवीनं अंबाडीचा वाख निवडला. पाण्यात भिजवून, झोडून, पदर-पदर पिळून तिनं तो मेणात घोळला. बोटांची सालं निघाली. मग इतरांसारखीच दिसावी म्हणून वरून लाल रेशीम गुंडाळलं. फक्त गोंडा हिरवा लावला, एवढीच खूण.

आठ-दहा दिवसांनी तो आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "निंबाच्या खोडात बाण बोटभर आत गेला. वढून काढावा लागला."

"खरंच?" ती पडदा विसरून पुढं आली. डोळे चमकले. "आन् आता?"

"आता ठिवलीय माळ्यावर, झाकून. कुणाला दावायची न्हाई. तुमच्यासाठी केलती."

"मला काय करायचीय ती?"

"काई न्हाई..." तो खाली बघत म्हणाला. "नुसतं तुमाला ठावं असावं. की एक खरी हाय."

एवढं बोलून तो गेला. महादेवीनं त्या दिवशी शिवदोऱ्याचे पीळ उलटे घातले, आणि अप्पांनी विचारलं तर म्हणाली, धागाच तसला आलाय.

संक्रांत झाली. कमानी तयार झाल्या. किशनराव कामानिमित्त हैदराबादला गेले होते, पण जाताना सांगून गेले होते की माल बंगल्यावर नेऊन ठेवा. त्यांचा गाडीवान लिंबाजी सकाळीच गोदामात गेला. मल्लिकार्जुन नदीवर अंघोळीला गेलेला. लिंबाजीनं म्हटलं, तेवढ्यात गाडी भरून टाकू. भिंतीच्या कमानी भरल्या, मग माळ्यावर चढून बघितलं, तिथं अजून एक निघाली. तीही त्यानं वर ठेवली, वैरणीच्या पेंढीसारखी.

रेल्वे फाटकावर पोलिसांनी गाडी अडवली.

दिवस तसलेच होते. तेलंगणाकडं गडबड सुरू झालेली, हत्यारांबद्दल वरून सक्त हुकूम आलेले. गाडीभर कमानी बघून शिपायांचे डोळे पांढरे झाले. गाडी चौकीवर गेली, आणि मागोमाग, ओल्या धोतरानं, धावत आलेला मल्लिकार्जुनही.

लिंबाजी धापा टाकत अप्पांच्या दुकानात आला. "अप्पा, कारागिराला धरलं! किशनराव गावात न्हाईत. काय करावं?"

"गाडीत समद्या कमानी भरल्या?" पडद्यामागून महादेवीनं विचारलं. "माळ्यावरची बी?"

"ती बी भरली की. हिरव्या गोंड्याची."

महादेवीच्या हातातलं रेशीम गळून पडलं. शोभेच्या कमानी आज ना उद्या सुटल्या असत्या, पण ती एक जर चौकीवरच्या अमीनसाहेबांनी ओढून बघितली, तर शोभा कुठली आणि नक्कल कुठली! मल्लिकार्जुन किती वर्षं आत जाईल कुणास ठाऊक.

ती पडदा बाजूला करून बाहेर आली. "अप्पा, उठा. आपल्याला चौकीवर जायचंय."

"येडी का खुळी तू? आपला काय संबंध?"

"त्या समद्या कमानींवर आपल्या दुकानाचे गोंडे हायत. उद्या आपल्यालाच बोलावतील. त्यापरीस आज आपल्या पायांनी जावं."

हे अप्पांना पटलं, थोडं भीतीनंच. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "तू कशाला?"

"कोणता गोंडा कुठला, ते तुमाला सांगता येतं का?" तिनं कमरेला कात्री खोचली आणि पायात वहाणा सरकवल्या. शिवम्मा 'अगं, अगं' म्हणेपर्यंत दोघं गल्लीच्या वळणावर पोचले होते. बाजारातली माणसं दुकानांतून माना काढून बघत होती. मन्मथअप्पाची लेक, चौकीवर!

चौकीच्या अंगणात कमानी हारीनं मांडल्या होत्या. अमीनसाहेब खुर्चीत बसले होते. वयस्क, मेंदी लावलेली दाढी, थकलेले पण चाणाक्ष डोळे. मल्लिकार्जुन समोर उभा. महादेवीला बघताच त्याचा चेहरा उतरला.

"इत्त्या कमानां?" अमीनसाहेब म्हणत होते. "फौज बनारा क्या रे मियाँ?"

"दीवार की सजावट है साहेब. चलती नै."

"चलती नै? तो चलाके बताव."

मल्लिकार्जुननं पहिली उचलली, बाण ठेवला, खटका दाबला. खटका दांड्याच्याच लाकडात कोरलेला, तो काय हलणार! शिपाई हसले. दुसरी घेतली, तिचंही तेच. तिसरीचा बाण तर नुसता कलंडून टप् करून साहेबांच्या बुटावर पडला. साहेबांच्या दाढीतही हसू आलं. प्रकरण सुटल्यातच जमा होतं. आणि तेवढ्यात, खेळता खेळता हात पुढं करावा तसा, त्यांनी स्वतःच हात पुढं केला...

हिरव्या गोंड्याकडं.

"थांबा साहेब!"

महादेवी पुढं झाली. सगळ्यांच्या आधी तिनं ती कमान उचलली. "ह्याचा गोंडा उलटा लागलाय. असा माल गेला तर आमच्या दुकानाची अब्रू जाईल. आत्ता काढून नीट लावते." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं कात्री काढली, दोरीला लावली, दाबली.

टण्ण!

ताणलेली कमान हातातल्या हातात उसळली. अंबाडीच्या दोरीचं टोक सापासारखं उलटून तिच्या मनगटावर बसलं. रक्ताची बारीक रेघ उमटली. अंगणातल्या कडब्यावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

अमीनसाहेबांनी तिच्या हातातून कमान घेतली. अंगठ्यानं खटका दाबला. खट्! तो खाली गेला, वर आला. त्यांनी तुटलेल्या दोरीचं टोक बघितलं, रेशमाखालची अंबाडी बघितली. मग तिचं मनगट.

"बेटी," ते सावकाश म्हणाले, "रेशम इत्ता नै काटता."

मल्लिकार्जुन पुढं आला. "साहेब, ह्यांचा काई संबंध न्हाई. ती मी केली. मला टाका आत."

"दोरी माझी हाय," महादेवी म्हणाली. ती मागं सरली नाही. "मला ठावं होतं कशासाठी हाय ती. टाकायचं तर दोघांना टाका."

"त्या खोटं बोलायल्यात!"

"खोटं तुमी बोलायलाव!"

अमीनसाहेब एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि एकदम पोट धरून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मन्मथअप्पा भिंतीला टेकून घामाघूम उभे होते, त्यांच्याकडं वळून म्हणाले, "अप्पा, मेरे घर में भी बेट्यां हैं. मेरी बात सुनो. इन दोनों की शादी कर देव. नै तो कल कू ये मिलके तोप बनाते!"

मग आवाज कडक झाला. "ए कारीगर. खटका तोड. मेरे सामने."

मल्लिकार्जुननं कमान दगडावर ठेवली. आयुष्यात केलेलं पहिलं खरं काम. गाडीतल्या सामानातली पटाशी लावून त्यानं एका घावात खटका फोडला. त्या घावासरशी महादेवीनंच डोळे मिटले. त्यानं मात्र मिटले नाहीत. तो तिच्या मनगटाकडं बघत होता.

कमानी सुटल्या. माणसंही सुटली. पण सेलू ते मानवत अंतर कितीसं! चौथ्या-पाचव्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप आला. चौकीची पायरी चढलेली सून आमच्या घराला झेपायची नाही. शिवम्मा चुलीपुढं बसून रडली. अप्पा रडले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसते गप्प झाले, आणि तो अबोलाच महादेवीला जास्त जाळत होता. बाजारातल्या बाया तिला बघून कुजबुजायच्या. ती मान खाली घालून गोंडे गुंफत राहायची.

माघात बंगल्याची वास्तुशांत झाली. दिवाणखाना बघायला परभणीहून माणसं आली. काम संपलं. मल्लिकार्जुन दुकानात आला, उरलेलं रेशीम परत करायला. अप्पा गादीवर होते. पडद्यामागं कुणीतरी होतं. कारण पडदा श्वास घेत होता.

"निघालाव?" अप्पांनी विचारलं.

"हैदराबादचं बोलावणं हाय."

"जायच्या आधी एक सांगा. ती एक कमान खरी कशाला केली? कुणी सांगितलं होतं?"

मल्लिकार्जुन बोलला, पण अप्पांकडं बघून नाही, पडद्याकडंही बघून नाही. हातातल्या रेशमाकडं बघून. "तुमच्या लेकीनं म्हटलं, मारत न्हाई ती कमान कसली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं, अप्पा. त्यांचं... सोडता आलं न्हाई. माझ्यापायी त्यांची सोयरीक मोडली. मला माफ करा म्हणायची बी लाज वाटायलीय."

"सोयरीक मोडली ती बरी," अप्पा एकदम म्हणाले. "त्या चौकीत मी बाप असून भिंतीला चिकटलो होतो. आन् तुमी दोघं 'मला टाका, मला टाका' म्हणून भांडत होता. मानवतचा पोरगा असता, तर फाटकापासूनच माघारी पळाला असता." ते जरा थांबले. पागोटं उगाच सारखं केलं. "नकलाच करायच्या, का दारं-खिडक्या, पाळणे बी जमतात?"

"समदं जमतं."

"मग रेशीम परत कशाला आणलं? ठिवा तुमच्यापाशी. लागंल." आणि मान न वळवता त्यांनी आवाज चढवला, "काय गं, लागंल ना?"

पडदा हलायचा थांबला.

बाहेर जिनिंगचा घुरघुराट, गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज चालू होता. मग आतून, अगदी बारीक आवाजात...

"हिरवं कमी पडंल, अप्पा. आजच मागवा."

पुढं काय काय झालं, ते सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. रझाकारांची धामधूम आली, माणसं गावं सोडून रानोमाळ गेली, मग फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, नाणी बदलली, अमीन गेले आणि फौजदार आले. किशनरावांचा बंगला मोडला, जिनिंगं बंद पडली. हिवाळ्यात सेलूत आता उडता कापूस शोधावा लागतो. मल्लिकार्जुननं पुढं गावोगावी देवळांची दारं केली. त्यांवर वेलबुट्टी कोरली. महादेवीच्या हातचे गोंडे पोळ्याला पार राणीसावरगावपर्यंत बैलांच्या शिंगांवर डुलले. पण ते पुढचं. लग्नाचा दिवस सांगायचा राहिलाच.

लग्न चैत्रात झालं. दुकानामागच्या अंगणात मांडव. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले, अक्षता पडल्या. आणि मग बायांनी नवरीला घेरलं, "नाव घ्या! नाव घ्या!" त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते असंच, यमकात लपवून, आणि तेही अशा एखाद्या दिवशीच. एरवी जन्मभर 'ते', 'अवो', 'घरधनी'. शिवम्मानं लेकीकडून आठ दिवस उखाणा पाठ करून घेतला होता. सोन्याच्या ताटाचं काहीतरी होतं, आणि बेलाच्या पानाचं.

महादेवी उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळी भस्म, हातभर चुडा. राणीसावरगावच्या बाया, सेलूच्या बाया, सगळ्या कान टवकारून. तिनं तोंड उघडलं... आणि ताट गेलं, पान गेलं, सगळा उखाणा कुठल्या कुठं उडाला. बाजारगल्लीत कुणाला बोलण्यात हार न जाणारी ती पोर, पण तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता. तोच ती म्हणाली. यमक नाही, आडपडदा नाही. भर मांडवात, स्वच्छ आवाजात.

"मल्लिकार्जुन."

बायांनी तोंडाला पदर लावले. कुणी 'अगं बया!' म्हटलं, शिवम्मानं कपाळावर हात मारून घेतला. आणि पलीकडं पुरुषांच्या बैठकीत, जंगमस्वामींच्या शेजारी मान खाली घालून बसलेला नवरदेव, घरातून कुणी हाक मारावी आणि माणूस उठावा, तसा एकदम उठून उभा राहिला आणि म्हणाला,

"ओ!"